दिवाळीत फांग न्गा : स्पीडबोट, कनू आणि भरती-ओहोटीचं गणित

सिंहगडरोडची_माई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत थायलंडमधल्या फुकेतला जायचं ठरतंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो अलिबाग आणि गणपतीपुळ्याचाच. समुद्रातून सरळ उभे राहिलेले ते चुनखडीचे सुळके तिला दाखवायचे आहेत, या सहलीचं खरं कारण तेच.

तिथून फांग न्गा उपसागरात एका दिवसाची स्पीडबोट आणि कनूची (वल्ह्याच्या छोट्या होडीची) ट्रिप घ्यावी असं मनात आहे. एजंटने तीन याद्या पाठवल्यात. एकीत पाच ठिकाणं, दुसरीत सात, तिसरीत नऊ. पैशात फारसा फरक नाही, म्हणून नवरा म्हणतो नऊवाली घेऊ. कोणी जाऊन आलंय का? लक्ष्मीपूजन करून दुसऱ्या दिवशी निघायचा विचार आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

बाणेरकर

मुंबईहून फुकेतला थेट विमान मिळतं, बँकॉकमार्गे वळसा घालू नका. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या आधी ते बघा. मे २०२५ पासून तिथे उतरायच्या आधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते अधिकृत संकेतस्थळावर फुकट भरता येतं, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

ट्रिपचं म्हणाल तर फी फी बेटांवर जा. पाणी काचेसारखं. फांग न्गाचं पाणी हिरवट आणि गढूळ असतं, आमच्या मुलांचा हिरमोड झाला.

पाणकोंबडी

माई, नऊवाली घेऊ नका. कळकळीने सांगते.

आम्ही दोघी बहिणी गेलो होतो तेव्हा सात ठिकाणांची स्पीडबोट घेतली होती. कंपनीचं नाव इथे घेत नाही. सकाळी साडेसातला हॉटेलवरून उचललं, धक्क्यावर तासभर बसवून ठेवलं. मग जी पळापळ सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. ज्या एका गोष्टीसाठी मी गेले होते ती म्हणजे हाँग, गुहेतून शिरायचं बेटाच्या पोटातलं उघडं तळं, आणि तिथे पोचलो तेव्हा भरती चढली होती. गुहेचं तोंड पाण्याखाली. कनूवाल्या दादांनी बाहेरच्या कड्याजवळून एक फेरी मारली आणि झालं. आत काय आहे ते आम्हाला कळलंच नाही. निघताना कोणी सांगितलंही नाही की आज दार बंद असणार आहे, आणि त्यांना ते नक्की माहीत असणार.

मी हट्टाला पेटले आणि दोन वर्षांनी परत गेले. या वेळी कनू हाच मुख्य कार्यक्रम असलेली ट्रिप घेतली. ठिकाणं तीन. तो दिवस मी विसरणार नाही. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. बाहेरून बेट म्हणजे नुसता सरळ कडा, त्यात पाण्यालगत एक काळं भोक. कनू त्यात शिरते. छत इतकं खाली येतं की कनूवाला ‘झोपा’ म्हणतो आणि आपण पाठ टेकून उताणे पडतो, खडक नाकावरून सरकतो. वाटेत पूर्ण अंधार, वटवाघळांचा वास, टॉर्चच्या उजेडात चमकणारे लवणस्तंभ. आणि मग एकदम आकाश. जुन्या वाड्याची दिंडी वाकून ओलांडावी आणि समोर चौक लागावा, तसं. चारी बाजूंना झाडांनी माखलेल्या उभ्या भिंती, मधे संथ हिरवं पाणी, त्यात खारफुटी. आमच्या कनूवाल्याने वल्हं वर उचलून धरलं आणि कोणी काही बोललं नाही. पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा येत होता.

तेव्हा ठिकाणं किती आहेत ते मोजू नका. बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘त्या दिवशी हाँगमध्ये किती वाजता शिरता येईल?’ याचं नीट उत्तर देणाऱ्याकडेच पैसे भरा.

सिंहगडरोडची_माई

पाणकोंबडी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. भरतीचा विचार आमच्या डोक्यातच नव्हता. दिवाळीत भरती कशी असते?

देवगडकर_धायरी

माई, याचं उत्तर तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे.

लक्ष्मीपूजन म्हणजे आश्विन अमावास्या. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, त्यामुळे उधाण. सगळ्यात मोठं उधाण नेमकं त्या दिवशी नसतं, एक-दोन दिवस मागाहून येतं. म्हणजे पाडवा, भाऊबीज. तुम्ही जे दिवस निवडलेत ते पंधरवड्यातले सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटीचे. पाणी भरभर चढतं, भरभर उतरतं. भरतीला गुहेचं तोंड बुडतं, ओहोटीला चिखल आणि धारदार कालवं उघडी पडतात. आत शिरायचा मधला वेळ थोडकाच मिळतो.

अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाण्याची चढउतार कमी, मधल्या पातळीवर पाणी जास्त वेळ टिकतं, ओढही कमी. वय झालेलं माणूस सोबत असेल तर मी भांगाचे दिवस घेईन. भाऊबीज घरी करा, मग निघा, आणि ट्रिप षष्ठी ते नवमीच्या दरम्यान ठेवा.

आजोबांकडून शिकलेलं गणित: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण हे आपल्या किनाऱ्याचं गणित आहे, फुकेतला तसंच्या तसं लावू नका. तिथला घड्याळाचा वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, आणि उपसागराचा आकारही वेगळा. उधाण कधी आणि भांग कधी हे तिथीवरून तिथेही कळतं, नेमकी वेळ मात्र फुकेतच्या भरतीच्या तक्त्यातून काढा. तिथेही दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या असतात आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

एक मात्र कबूल करतो. हे गुहेगुहेवर ठरतं. एखाद्या बुटक्या तोंडाच्या गुहेला मोठी ओहोटीच लागते, ती भांगाला उघडायचीच नाही. शेवटचा शब्द कनूवाल्याचा.

कर्वेनगर_कट्टा

देवगडकर काका, वा! मी इंजिनिअर असून हे आजवर कधी नीट समजलं नव्हतं.

काळा_पाषाण

भूगोलाच्या बाई येणार आहेत म्हणून राहवत नाही, थोडं दगडाबद्दल लिहितो. मी भूशास्त्र शिकवायचो.

आपण पुणेकर बेसॉल्टवर वाढलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडच्या गुहा माणसाने छिन्नीने कोरलेल्या: कार्ले, भाजे, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. फांग न्गाचा दगड पर्मियन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी शंख-शिंपले आणि सूक्ष्म जिवांच्या सांगाड्यांचा साठलेला चुना. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीतल्या भेगांमधून उतरता उतरता तिला विरघळवतं. भेगा रुंदावत जातात, मधले भाग सुळके बनून उरतात. बेटाच्या पोटात गुहा होते, कधीतरी तिचं छत कोसळतं आणि पाणकोंबडी म्हणतात तो चौक तयार होतो.

माझ्या दृष्टीने तिथलं सगळ्यात मोठं आश्चर्य वेगळंच आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. हा सगळा उपसागर तेव्हा कोरडी जमीन होता आणि आजची बेटं म्हणजे मैदानातले डोंगर. तुम्ही ज्यांच्यामधून बोट हाकता ते बुडालेल्या प्रदेशाचे माथे आहेत. बाईंना हे नक्की सांगा. खाओ खियन नावाच्या कड्यावर प्राचीन माणसाने काढलेली चित्रंही आहेत, बोट जवळून गेली तर थांबायला सांगा.

आणि पाण्याच्या रेषेकडे बघा. प्रत्येक बेट तळाशी आत खाल्लेलं दिसतं. लाटा, खारं पाणी आणि दगड पोखरणारे जीव मिळून तिथे खाच पाडतात. को तापू, म्हणजे ज्याला सगळे जेम्स बाँड बेट म्हणतात तो सुळका, याचंच टोकाचं उदाहरण. उंची सुमारे वीस मीटर, तळाशी रुंदी चारेक मीटर, वर मात्र आठेक. तापू म्हणजे खिळा. १९७४ सालच्या बाँडपटानंतर तिथे इतक्या बोटी धडकू लागल्या की त्याच्या अगदी जवळ बोट नेण्यावर १९९८ पासून बंदी आहे. शेजारच्या खाओ फिंग कान बेटाच्या किनाऱ्यावरूनच तो बघायचा.

बाणेरकर

काका, हे माहीत असतं तर मुलांना सांगता आलं असतं. आम्ही नुसते फोटो काढून आलो.

पण पाणी गढूळ होतं हे मी खरंच सांगितलं.

देवगडकर_धायरी

बाणेरकर, पाणी हिरवट असतं हे अगदी खरं. पण ती घाण नव्हे. उपसागर उथळ, उत्तरेकडून नद्या-खाड्यांचा गाळ येतो आणि काठावर मैलोगणती खारफुटी. आपल्या आचऱ्याच्या नाहीतर देवगडच्या खाडीचं पाणी कधी निळं दिसतं का? १९८१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, ते या खारफुटीमुळे आणि चिखलामुळे. मासे बघत पोहायचं असेल तर फी फी बरोबर. गुहा आणि कांदळवन बघायचं तर फांग न्गा. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा धरली की हिरमोड होणारच.

आणि कांदळ म्हणजे अक्षरशः आपलाच कांदळ, तीच जात तिथेही आहे. मुळांमध्ये चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतील. लेकीला मोजायला सांगा.

लेकीचीआई

फी फीबद्दल: तिथला माया बे हा किनारा जून २०१८ ते डिसेंबर २०२१ बंद होता, प्रवाळ पार मोडकळीला आले होते म्हणून. जानेवारी २०२२ मध्ये उघडला, पण आता तिथे पोहू देत नाहीत, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरात दरवर्षी बंद असतो. एजंट हे सांगत नाहीत.

मला वेगळंच विचारायचंय. आम्ही १५ ऑगस्टच्या जोडून सुट्टीत जायचं म्हणतोय. चालेल?

पाणकोंबडी

मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आपल्यासारखाच. फांग न्गाला फुकेत बेटाचा आडोसा आहे, म्हणून तिथल्या ट्रिपा पावसाळ्यातही बऱ्याचदा चालतात. उघड्या समुद्रात जाणाऱ्या ट्रिपा मात्र मी त्या दिवसांत घेणार नाही. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा असताना कोणी ‘काही होत नाही’ म्हणालं तर पैसे बुडाले तरी चालतील, धक्क्यावरून परत फिरा.

माईंसाठीही हेच. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिथला पाऊस संपलेला नसतो, ऑक्टोबर तिकडे चांगलाच ओला असतो. नोव्हेंबरात आली तर बरीच उघडीप मिळते. राखीव म्हणून एक दिवस मोकळा ठेवा.

सिंहगडरोडची_माई

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊबीज करून निघायचं ठरलं. आता आईचं विचारते. स्पीडबोट तिला झेपेल का?

कर्वेनगर_कट्टा

माझे वडील ७२ व्या वर्षी गेले होते, काही झालं नाही. उगाच घाबरू नका.

पाणकोंबडी

कट्टा, तुमच्या वडिलांना झेपलं याचा आनंद आहे, पण हे सरसकट सांगू नका. स्पीडबोट लाटेवर आपटते तेव्हा धक्का थेट मणक्यात बसतो. गरोदर बायका आणि पाठ-मानेचा त्रास असलेल्यांना बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. माई, आईंना मणक्याचा त्रास असेल तर मोठी संथ बोट घ्या. त्यावर कनू लादलेल्या असतात, शौचालय असतं, सावलीत बसता येतं. वेळ जास्त लागतो एवढंच. फक्त गुडघे असतील तर स्पीडबोट चालेल, पण जागा मागे, इंजिनाजवळ. पुढच्या टोकाला तरुण मंडळी फोटोसाठी बसतात, सगळ्यात जास्त आपटतं तेही तिथेच.

गुडघ्यांची खरी परीक्षा कनूत. हवेने फुगवलेली कनू असते, तळाशी पाय पसरून बसायचं, वल्हवणारा मागे. दोन माणसं आणि तो. उतरताना बोटीच्या मागच्या फळीवर आधी बसायचं, पाय कनूत सोडायचे आणि सरकायचं. उभ्याने पाय टाकायला जाऊ नका. परत चढताना दोघांनी हात द्यायचा. संकोच करू नका, ती मुलं रोज हेच करतात आणि फार प्रेमाने करतात. निघताना वल्हवणाऱ्याला शंभर बाट हातात द्या. दिवसभर त्याचेच खांदे राबतात.

पोहता येत नसलं तरी चालतं, पण जॅकेटचा पट्टा दोन पायांमधून ओढून बांधा. लेकीच्या मापाचं आहे का ते धक्क्यावरच बघा. बोट लागत असेल तर अ‍ॅव्होमिन निघायच्या आधी, डॉक्टरांना विचारून.

शाकाहारी_सदाशिव

जेवणाचं कोणी लिहिलंच नाही! आम्ही कांदा-लसूणही खात नाही. काय करावं?

बाणेरकर

‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही. नुसतं शाकाहारी म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस पडतोच, त्यांना तो मिठासारखा. ट्रिपवरचं जेवण बहुधा को पान्यीला असतं, तिथे मासळीवरच भर. बुक करतानाच कळवा, आणि दशम्या-चटणी सोबत असू द्या. फळं भरपूर मिळतात.

को पान्यी मात्र चुकवू नका. खांबांवर उभं राहिलेलं कोळ्यांचं मुस्लिम गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जावाकडून आलेल्या दर्यावर्दींनी वसवलं असं सांगतात. जमीन जवळपास नाहीच, म्हणून १९८६ चा फुटबॉल विश्वचषक बघून वेडावलेल्या पोरांनी फळ्या जोडून तरंगतं मैदान बांधलं. मशिदीजवळ खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

देवगडकर_धायरी

अजून एक. गुहांच्या छताशी पाकोळ्या दिसतील. त्यांच्या लाळेची घरटी चीनमध्ये सोन्याच्या भावाने विकली जातात. गुहांचे ठेके असतात, पहारे असतात. आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर याच कुळातल्या पाकोळ्या आहेत आणि त्यांचीही घरटी चोरीला जात होती. म्हणून गुहेत टॉर्च सारखी वर मारू नका. हाका मारून प्रतिध्वनी ऐकायचा मोह तर अजिबात नको. गेल्या वेळी एका बोटीवर आपलीच मंडळी जयघोष करत होती, मला फार वाईट वाटलं. घोषणा द्यायला गड आहेत आपले.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालत नाही, प्रवाळांना मारणारी रसायनं असलेलं सनस्क्रीनही चालत नाही. लांब बाह्यांचा सुती कुडता सगळ्यात उत्तम. माकडांना केळी देऊ नका, हातातली पिशवी घेऊन जातात आणि चावतात.

सिंहगडरोडची_माई

(सात आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय, क्षमस्व. घरी आल्यावर लेकीच्या परीक्षा होत्या.

सप्तमीला ट्रिप घेतली. बुक करण्याआधी पाणकोंबडींचा प्रश्न तिघांना विचारला. दोघे म्हणाले ‘सगळं दाखवतो, काळजी नको’. तिसऱ्या बाईने तक्ता बघून वेळ सांगितली आणि म्हणाली, त्यासाठी आधी कनू करू, जेवण उशिरा होईल, चालेल का? तिच्याकडे पैसे भरले. ईशान्येकडच्या आओ पो धक्क्यावरून निघालो. ठिकाणं चार.

आई मागे बसली, पाठीशी उशी. एकदा जोरात आपटलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. मग पहिले सुळके दिसले आणि तिने हात सोडला तो सोडलाच. काळा_पाषाण काकांचं सगळं मी तिला आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं. ती लेकीला सांगत होती, ‘हे बघ, आपण डोंगरांच्या माथ्यांमधून चाललोय, खाली दरी आहे.’ शेजारचं नागपूरचं कुटुंब बोलणं थांबवून ऐकायला लागलं. पाण्याजवळची खाच तिने स्वतः ओळखून दाखवली.

कनूत बसवायला दोन मुलं आणि नवरा. पाच मिनिटं लागली, कोणी घाई केली नाही. को फनाक बेटाच्या गुहेत आम्ही शिरलो तेव्हा छत माझ्या हनुवटीपासून वीतभर असेल. लेक घाबरली, आजीने अंधारात तिचा हात धरून पाढे म्हणायला लावले. सतराचा पाढा चालू असताना उजेड आला.

आत आम्ही वीस-पंचवीस मिनिटं होतो. आई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘तीस वर्षं फळ्यावर काढत होते ग मी हे.’

को तापूला गर्दी खूप, दहा मिनिटांत निघालो. परदेशी प्रौढांना राष्ट्रीय उद्यानाचे ३०० बाट वेगळे पडले, ते ट्रिपच्या पैशात आहेत का ते आधी विचारून घ्या. जेवणाला भात आणि फळं मिळाली, दशम्या कामी आल्या.

पाण्यात रात्री चमकणारे सूक्ष्म जीव मात्र बघता आले नाहीत. त्यासाठी संध्याकाळची वेगळी कनू ट्रिप असते, पण सप्तमीचा चंद्र आकाशात होता. त्याला अमावास्येजवळचा काळोख लागतो. आणि त्रिपुरी पौर्णिमेला थायलंडमध्ये पाण्यात दिवे सोडतात, लॉय क्राथोंग, त्याच्या तयारीच्या केळीच्या होड्या दुकानांत दिसत होत्या. पौर्णिमेपर्यंत थांबता आलं असतं तर आईला तेही दाखवलं असतं.

पाणकोंबडी

माई, सकाळी सकाळी रडवलंत. आईंना माझा नमस्कार सांगा.

काळा_पाषाण

बाईंना माझाही. त्या पुण्यातच असतील तर एका रविवारी पाताळेश्वरला भेटू, आपला दगडही बघू.

सिंहगडरोडची_माई

काका, आई लगेच हो म्हणाली. रविवारी सकाळी आठला चालेल?

देवगडकर_धायरी

निवटे दिसले का ते कोणी सांगितलंच नाही.

सिंहगडरोडची_माई

दिसले. लेकीने चौदा मोजले. पंधराव्यावर वाद आहे, आई म्हणते ते मूळ होतं.